कोळंबीसोबत तरतरीत पांढरी वाइन: इंदूरच्या घरात बेत कसा जमवावा

तळलेल्या कोळंबीवर आपण लिंबू का पिळतो? कोळंबीचं मांस गोडसर, खारट आणि नाजूक असतं. नुसतं खात राहिलं तर चार घासांनी जीभ जडावते. लिंबाची धार लागली की पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पांढरी वाइन कोळंबीसोबत घ्यायची ती याच कामासाठी. बाटली कोणती घ्यायची, किती थंड करायची, मसाला किती घालायचा, हे सगळे प्रश्न त्या लिंबाला नजरेसमोर ठेवून सोडवले तर सुटतात. खेकडा, तिसऱ्या, कालवं, शेवंड या सगळ्या कवचवाल्या मासळीला हेच लागू आहे.

इंदूरपासून मुंबईचा समुद्र जवळजवळ सहाशे किलोमीटर दूर, तरी इथल्या सीकेपी, सारस्वत आणि मराठा घरांतली मासळीची ओढ काही सुटलेली नाही. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईहून कुणी येणार असलं की सोड्यांची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, मागणी आधी पोचते. वाइनच्या बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. घराजवळून जाणारा एबी रोड म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. तोच सेंधवा, धुळे करत नाशिकला पोचतो आणि देशातली सर्वाधिक नावाजलेली वाइनची द्राक्षं तिथेच पिकतात. इंदूरच्या परवानाधारक दुकानांत नाशिकची पांढरी वाइन मिळते, आणि या कामाला ती खरोखर चांगली आहे.

आधी पदार्थ ठरवा, मग बाटली

बहुतेक लोक उलट करतात. बाटली आधी येते आणि मग सोबत काय करायचं याचा विचार सुरू होतो. वाइनची जोडी मासळीशी जुळते त्याहून जास्त मसाल्याशी जुळते. तीच कोळंबी लसूण-मिठात परतली तर एक वाइन लागेल आणि मालवणी रश्शात शिजवली तर दुसरी. म्हणून कोणती मासळी आहे यापेक्षा त्यात तिखट किती, आंबट किती, गोड किती आणि नारळ आहे की नाही, हे आधी पक्कं करा.

पहिल्यांदा बेत करत असाल तर माझा आग्रह साध्या पदार्थाचा आहे: हळद, मीठ, लसूण आणि थोडं लोणी. मसाल्याच्या गर्दीत वाइनची चव हरवते आणि मग “वाइन काही कळली नाही” असं म्हणत लोक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

बाटली निवडताना काय पाहायचं

हवी ती वाइन कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आंबटपणा ठळक असलेली, हलकी आणि लाकडी पिंपाचा वास नसलेली. लेबलावर ओक किंवा बॅरल असे शब्द दिसले तर ती बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. पिंपात मुरलेल्या वाइनला व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास येतो, तोंडात ती जड लागते आणि कोळंबीची गोडी त्याखाली दबते. अल्कोहोल ११ ते १३ टक्क्यांच्या आसपास असावं.

द्राक्षाचं नाव शोधायचं तर पहिली पसंती सोव्हिन्याँ ब्लाँ. हिला हिरव्या सिमला मिरचीचा, ताज्या गवताचा, कधी पेरूचा वास येतो आणि आंबटपणा सरळ जिभेच्या कडांना लागतो. सुला, यॉर्क, ग्रोव्हर झाम्पा आणि अकलूजची फ्रातेली हे सगळे हे द्राक्ष वापरतात. सुलाने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइनही सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँ याच होत्या. यातली शेनाँ ब्लाँ आपल्याकडे बहुधा किंचित गोडसर ठेवतात. ती वाईट नाही, पण तिचं काम वेगळं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

बाटलीवरचं साल नक्की पाहा. अशी वाइन जुनी होऊन चांगली होत नाही, तिचा तजेलाच तिची किंमत असतो. नाशिककडे द्राक्षवेलींची छाटणी साधारण सप्टेंबरात होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे लेबलावर जे साल छापलंय त्या सालच्या सुरुवातीची ती द्राक्षं. चालू किंवा गेल्या सालची बाटली मागा. चार-पाच वर्षं जुनी बाटली सवलतीत मिळत असेल तर ती घेऊ नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुकानात ती बाटली कुठे उभी होती ते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. काचेच्या दर्शनी कपाटात, उन्हात उभी असलेली बाटली महिन्याभरात मरगळते. मागच्या बाजूची, खोक्यातली किंवा फ्रिजमधली बाटली मागायला संकोच करू नका. घरी आणल्यावरही ती माळ्यावर किंवा ओट्यावर ठेवायची नाही, सरळ फ्रिजमध्ये आडवी ठेवायची. फिरकीचं झाकण असलं तर उभी ठेवली तरी चालते. फिरकीचं झाकण म्हणजे हलक्या दर्जाची वाइन असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. न्यूझीलंडच्या बहुतेक सोव्हिन्याँ ब्लाँला तेच झाकण असतं आणि ताजेपणा टिकवायला ते उत्तम.

परदेशातून कुणी येणार असेल तर त्यांना काय सांगायचं तेही लिहून ठेवा. येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य ड्यूटी फ्री आणता येतं, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या. फ्रान्समध्ये नांत शहराजवळ, लुआर नदी समुद्राला मिळते त्या भागात म्युस्कादे नावाची वाइन होते. तिथल्या कालवं-शिंपल्यांसोबत पिढ्यान्‌पिढ्या तीच पितात. तिच्या लेबलावर “स्युर ली” लिहिलेलं असेल तर वाइन आंबवणानंतर यीस्टच्या साक्यावर ठेवलेली आहे असं समजायचं. त्याने तिला किंचित भरीवपणा येतो. दक्षिण फ्रान्सची पिकपूल द पिने ही अशीच. ती थो नावाच्या खाडीकाठी पिकते आणि त्या खाडीत कालवांची शेती चालते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातली आल्बारिन्यो, पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्दे आणि ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरची असिर्तिको याच कुळातल्या. ही नावं एका ओळीत ठेवली की लक्षात येतं, बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावरच्या माणसांनी आपल्या मासळीला लागेल तशीच वाइन जवळ केली आहे. फ्रान्सचीच शाब्ली मात्र समुद्रापासून दूर पिकते. पण तिथल्या चुनखडीच्या जमिनीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या छोट्या कालवांचे जीवाश्म सापडतात. ती शार्दने द्राक्षाची आणि बहुतेकदा पिंपाचा वास नसलेली. थोडी महाग पडेल, पण खेकड्यासोबत तिला तोड नाही.

लाल वाइन का नको, असं टेबलावर कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर आता प्रयोगाने मिळालेलं आहे. २००९ साली जपानी संशोधकांनी स्कॅलॉप शिंपल्यांसोबत वेगवेगळ्या वाइन चाखवून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त होतं, तिच्यासोबत मासळीचा उग्र वास तोंडात मागे राहत होता. लाल वाइनमध्ये लोह अनेकदा जास्त असतं. शिवाय तिचा तुरटपणा मासळीला कडवट करतो.

इंदूरमध्ये मासळी आणताना

इथे कोळंबी बहुतेक वेळा गोठवलेलीच मिळणार. त्यात कमीपणा काही नाही. बर्फात दोन दिवस प्रवास केलेल्या “ताज्या” कोळंबीपेक्षा नीट गोठवलेली कोळंबी कितीतरी चांगली. पाकिटात दाणे सुटे आहेत का पाहा. सगळ्याचा एकच गोळा झाला असेल तर मधे कुठेतरी माल विरघळून पुन्हा गोठलेला आहे. कोळंबीवर बर्फाचा थर असतो, म्हणून पाकिटाचं एकूण वजन न पाहता निव्वळ वजन पाहा. घरी आणल्यावर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवून विरघळवा, खाली भांडं ठेवा. गरम पाण्यात टाकून घाई केली तर वरून शिजते आणि आत कच्ची राहते. एकदा विरघळलेली कोळंबी पुन्हा गोठवायची नाही. नाकाला अमोनियासारखा वास आला तर ती फेकायचीच, मसाल्याने झाकायची नाही.

पाठीवरचा काळा दोरा काढा, धुवा आणि फडक्याने किंवा टिश्यूने अगदी कोरडी करा. ही पायरी लोक गाळतात आणि मग कोळंबी परतली न जाता स्वतःच्या पाण्यात उकडते.

तिसऱ्या किंवा शिनाणे जिवंत मिळाले तर शिजवण्यापूर्वी टिचकी मारूनही न मिटणारा शिंपला टाकून द्यायचा आणि शिजल्यावर न उघडणाराही टाकायचा. कालवं कच्ची खाण्याचा बेत इंदूरमध्ये करूच नका. ती थंडी तुटू न देता काही तासांत ताटात यायला लागतात. पाहुण्यांपैकी कुणाला कवचवाल्या मासळीची ॲलर्जी आहे का, हे आमंत्रण देतानाच विचारून घ्या.

थंड करणं: इथेच निम्मं काम होतं

खोलीच्या तापमानावरची पांढरी वाइन इंदूरच्या उन्हाळ्यात तर नकोच, हिवाळ्यातही नको. तिला ८ ते १० अंश सेल्सिअस हवेत. कोमट झाली की अल्कोहोल पुढे येतं आणि आंबटपणा बोथट होतो.

फ्रिजमध्ये तीन तास पुरतात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत होते. पाणी घालायला विसरू नका. नुसते बर्फाचे खडे बाटलीला इथे-तिथेच टेकतात, पाणी चारी बाजूंनी थंडावा पोचवतं. मिठाने बर्फ विरघळण्याचं तापमान खाली येतं, म्हणून पाणी शून्याच्याही खाली जातं. फ्रीजरमध्ये बाटली ठेवून विसरलात तर ती फुटू शकते, तेव्हा तो मार्ग नको.

फ्रिजमधून बाटली काढली की ती साधारण चार-पाच अंशांवर असते. लगेच ओतली तर वासच येणार नाही. दहा मिनिटं बाहेर राहू द्या, मे महिन्यात पाच पुरेत. पेला भरून ओतू नका. शंभर मिलिलिटरच्या आतच ओता आणि बाटली पुन्हा थंडीत ठेवा. इथल्या हवेत भरलेला पेला अर्धा होईपर्यंत गरम होतो. पेल्यात बर्फ घातला तर वाइन पाणचट होते. पेला निमुळत्या तोंडाचा असला की झालं, महागाचा लागत नाही.

कोळंबी: तव्यावरची पाच मिनिटं

चार जणांसाठी अर्धा किलो सोललेली कोळंबी, मध्यम आकाराची, शेपट्या ठेवलेली. अर्धा चमचा हळद आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या ठेचून घ्या. हिरवी मिरची एकच, उभी चिरून, बिया काढून. लाल तिखट घालायचंच असेल तर पाव चमचा, त्याहून जास्त नाही.

तवा किंवा लोखंडी कढई चांगली तापवा. दोन चमचे तेल, त्यात लसूण. लसूण बदामी होण्याआधीच कोळंबी एका थरात पसरवा. कढई लहान असेल तर दोन हप्त्यांत करा. आता हलवू नका. दीड मिनिटात खालची बाजू राखाडीची गुलाबी होते. कवचवाल्या प्राण्यांच्या अंगात अ‍ॅस्टाझॅन्थिन नावाचं तांबडं रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेने ते प्रथिन सुटतं आणि रंग उघडा पडतो. म्हणून रंग हाच तुमचा घड्याळाचा काटा. उलटा, आणखी एक मिनिट. कोळंबी अर्धचंद्रासारखी वाकली की झाली. पूर्ण गोल वळली तर ती रबर झाली. मग एक चमचा लोणी, बाटलीतली दोन चमचे वाइन, भरपूर कोथिंबीर आणि लगेच गॅस बंद.

लिंबू पिळू नका. फोड बाजूला ठेवा, पण आधी वाइनसोबत खाऊन पाहा. लिंबाचं काम पेल्यात आहेच. आंबट पदार्थापुढे वाइन पाण्यासारखी लागायला लागते. पदार्थापेक्षा वाइन थोडी जास्त आंबट असली पाहिजे, हा नियम सगळीकडे चालतो. आणखी एक गोष्ट इंदूरकरांसाठी खास: साखरेची चिमूट. आपल्या हाताला पोह्यापासून आमटीपर्यंत ती सवय आहे. कोळंबीत मात्र साखर टाळा. पदार्थ गोडावला की कोरडी वाइन एकदम तुरट-आंबट लागते आणि दोष बिचाऱ्या बाटलीवर जातो.

तिसऱ्या मिळाल्याच तर त्याहून सोपं. रुंद पातेल्यात थोडं तेल, लसूण, कांदा, अर्धी वाटी तीच वाइन. उकळी आली की तिसऱ्या टाकून झाकण. चार-पाच मिनिटांत त्या उघडतात. मीठ घालू नका, त्यांच्या पोटातलं समुद्राचं पाणीच पुरतं. खाली राहिलेला रस पावाने टिपून खाल्ला नाही तर बेत अर्धाच झाला.

मसाला जास्त असेल तेव्हा

सगळ्या घरांत लसूण-लोण्यावर भागत नाही, हे मला ठाऊक आहे. सासरच्या माणसांना कालवणच हवं असतं. मग वाइन बदला.

मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि कोरड्या आंबट वाइनने तो आणखी टोचतो. तिखट मालवणी कोळंबी, खेकड्याचा लाल रस्सा, वाटणात सुक्या मिरच्या जास्त असलेलं कालवण यांच्यासोबत ती किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ काढा, चांगली थंड करून. तिची गोडी तिखटाला पोटात घेते. नारळाच्या दुधातलं, तिरफळ घातलेलं सौम्य कालवण असेल तर मात्र सोव्हिन्याँ ब्लाँच बरी. नारळाच्या स्निग्धपणाला तिची धार लागते. कोकम घातलं असेल तर नेहमीपेक्षा निम्मं घाला. सोलकढी वाइनसोबत ठेवू नका. दोघींचा आंबटपणा एकमेकींशी भांडतो. सोलकढी भातासोबत, शेवटी.

सोड्यांची गोष्ट वेगळी. वाळवलेल्या कोळंबीत उमामी, म्हणजे मासळी-मांसाची ती खोल, भरीव चव, एकवटलेली असते, आणि ती वाइनला कडवट करते. त्यावर उपाय मीठ आणि थोडा आंबटपणा. सोडे कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, वाळू जाईपर्यंत दोन-तीनदा धुवून घ्या. खिचडी करताना एखादं आमसूल टाका आणि शेवटी मीठ चाखून नीट करा. ताज्या कोळंबीवर लिंबू नको म्हटलं, इथे मात्र तो अंश हवाच. सोड्याची खिचडी आणि थंड सोव्हिन्याँ ब्लाँ ही इंदूरच्या घरात जमणारी सगळ्यात आपली जोडी आहे असं मी मनापासून मानते, कारण यात गोठवलेलं काहीच लागत नाही आणि चवीत तडजोड नाही.

टेबलावर शाकाहारी मंडळी असणारच. हिवाळा असेल तर तळलेला गराडू कंद, वर जीरावन मसाला. गराडूवर आपण लिंबू पिळतोच, म्हणजे ही वाइन त्यालाही शोभते. भुट्ट्याचा कीस दुधाळ आणि सौम्य असतो, त्याला शेनाँ ब्लाँ.

जोडी जमली का, कसं ओळखायचं

पाहुणे येण्याआधी स्वयंपाकघरातच करून पाहा. वाइनचा एक घोट घ्या, आंबटपणा कुठे लागतो ते ध्यानात ठेवा. मग जिभेवर मिठाचे दोन-चार खडे ठेवा आणि पुन्हा घोट घ्या. वाइन मऊ झालेली, फळाचा स्वाद वर आलेला जाणवेल. मीठ आंबटपणाची टोकं घासून काढतं, आणि खारट मासळी नेमकं तेच करते. आता कोळंबीचा एक तुकडा, त्यावर घोट. दोन गोष्टी पाहा: तोंडाला पाणी सुटून दुसरा तुकडा घ्यावासा वाटतो का, आणि गिळल्यावर लोखंडासारखी किंवा मासळीची उग्र चव मागे राहते का. पहिलं होतंय, दुसरं नाही, तर जमलं. वाइन फिकी वाटली तर पदार्थातला आंबटपणा कमी करा. वाइन बोचली तर मीठ किंचित वाढवा, लोण्याचा आणखी एक गोळा टाका.

काही नियम आणि उरलेली बाटली

मध्य प्रदेशात मद्य विकत घ्यायला वय २१ पूर्ण लागतं. उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर यांसारख्या धार्मिक शहरांत १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकानं बंद आहेत, तेव्हा तिकडच्या नातेवाइकांकडे बेत ठरवू नका. नाशिकच्या वायनरीतून परतताना गाडीत बाटल्या आणायच्या असतील तर दोन्ही राज्यांचे आबकारी नियम निघण्याआधी पाहून घ्या, फक्त बिल असून भागेलच असं धरू नका. ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी कोकम सरबत वेगळं करून ठेवा.

उरलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस बरी राहते. चौथ्या दिवशी ती पिऊ नका, पण फेकूही नका. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरला लावा. पुढच्या खेपेला कोळंबी परतताना त्यातले दोन खडे थेट कढईत टाकता येतात.